एक दिवसाआडची गोळी

गडचिरोलीला चालले आहे म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांनी मला दोनच प्रश्न विचारले. वाघ दिसेल का, आणि भीती नाही का वाटत? मी म्हटलं, मी भांडायला चालले आहे, भीती वाटायची तर समोरच्याला वाटू दे.

भांडण रक्ताच्या नळ्यांवरून होतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी गेली बावीस वर्षं पेशींमधली प्रथिनं तपासते आहे. त्यातली शेवटची तीन सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या एका अभ्यासात गेली. चामोर्शी तालुक्यातल्या जंगलाकडच्या एका गावातून पाच रुग्णांचं रक्त आमच्याकडे येतं आणि अभ्यासातर्फे त्या पाचजणांना दर महिन्याला गोळ्यांची एकेक बाटली जाते. आता झालं असं, की दुसरीकडच्या रुग्णांच्या पेशींत औषधाची खूण स्वच्छ दिसत होती आणि या गावच्या नळ्यांत कधी दिसे, कधी पुसट, कधी काहीच नाही. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणतो, त्यांनी अहवालाचा मसुदा तयार केला. या गटावर औषधाचा भरवशाचा परिणाम होत नाही, सबब पुढच्या टप्प्यातून हा गट वगळावा. वगळावा म्हणजे त्या गावाच्या बाटल्या बंद. मसुद्याखाली माझी सही लागणार होती.

माझा संशय रक्त आणणाऱ्यांवर होता. आम्ही शोधतो ती खूण फार नाजूक असते. रक्त नळीत आल्यावर काही मिनिटांत त्यात एक द्रव घालून पेशी आहेत तशा थिजवाव्या लागतात. उशीर झाला की खूण उडून जाते. मला खात्री होती की तिकडची बाई नळ्या उन्हात ठेवून चहा पीत बसत असणार. तेव्हा स्वतः जायचं, स्वतःच्या हातांनी रक्त थिजवायचं आणि तिची चांगली खरडपट्टी काढायची, असा माझा बेत होता. सरांनी आठ दिवसांची मुदत दिली, तीही उपकार केल्यासारखी.

बल्लारपूर

गाडीत माझ्या थर्मोकोलच्या डब्याने सगळ्यांची करमणूक केली. समोरच्या बाकावरच्या काकांना त्यात आइस्क्रीम असावंसं वाटत होतं. बर्फाच्या पिशव्या आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, "मग मासोळ्या परत येताना का?" मी हो म्हटलं. उगाच कुठे पेशी समजावत बसा.

बल्लारपूरला उतरल्यावर कागद कारखान्याचा तो शिजवलेल्या कोबीसारखा वास नाकात शिरला. मी नाकाला पदर लावला. बाजूने डबे घेऊन कामावर निघालेल्या माणसांपैकी कुणाचंही नाक हललं नाही. माझी मलाच लाज वाटली आणि पदर सोडून दिला.

खरा तमाशा चामोर्शीच्या एसटीत झाला. कंडक्टर डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा इथी नाई जमत. टपावर टाका."

"टपावर उन्हात बर्फ राहील का?"

"तं मांडीवर घ्या."

घेतला मांडीवर. गोंडपिपरी मागे पडेपर्यंत एक पिशवी फुटली होती आणि आष्टीच्या पुलावर येईस्तोवर माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. खाली वैनगंगेच्या पात्रात मार्चमधलं थोडंसं पाणी आणि भरपूर वाळू होती. शेजारी बसलेल्या आजीबाई बराच वेळ माझ्या साडीकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी पिशवीतून एक जुना टॉवेल काढला आणि माझ्या मांडीवर, डब्याच्या खाली सरकवला. त्या चामोर्शीच्या आधीच उतरल्या. टॉवेल परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे वो. तुझं काम झालं की मंग पाह्यजो." त्या कुठल्या, मी कुठली, मग म्हणजे कधी? टॉवेल अजून माझ्याकडे आहे.

चामोर्शी

सुनंदा मला घ्यायला स्टँडवर आली होती. नळ्या उन्हात ठेवणारी बाई ती हीच. चाळिशीची, सडसडीत, रक्त काढायचं रीतसर शिक्षण घेतलेली, आणि आमच्या अभ्यासाची या भागातली एकुलती एक माणूस. मी नमस्कार करायच्या आधीच तिने डबा माझ्या हातातून घेतला, झाकण उघडून आत हात घातला आणि म्हणाली, "मॅडम, अर्धा बर्फ पाणी होऊन राह्यला. लवकर चाला. घरी फ्रीजात नव्या पिशव्या करून ठेवल्या."

मला राग आला. खरडपट्टी मी काढायची होती.

तिच्या घरी जेवले. भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची आंबट भाजी आणि सुकटाची चटणी. आमच्याकडे साताऱ्याला भाकरीशिवाय जेवण झालंसं वाटत नाही, पण त्या भाताने माझं तोंड बंद केलं. जेवताना मी तिची उलटतपासणी घेतली. रक्त काढल्यावर द्रव किती वेळात घालता? किती मिनिटं? घड्याळ लावता का? तिने भिंतीवरची पिशवी काढून दाखवली. आत, स्वयंपाकाची वेळ लावायला ठेवतात तसं, एक छोटं गजराचं घड्याळ होतं. "दोन मिनिटं. गजर झाला का द्रव. तीन साल झाले, एकबी नळी चुकली नाई."

मी विश्वास ठेवला नाही. म्हटलं, उद्या बघू.

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या मुलींना माझ्यामुळे त्रास नको. घोट गावाच्या पुढे, डांबर संपून मुरूम लागतो तिथून आत. सुनंदाच्या स्कूटीवर मी मागे बसले, डबा आमच्या दोघींच्या मध्ये. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. वाटेतली जवळजवळ प्रत्येक बाई झाडाखाली वाकलेली होती आणि अंगणाअंगणात फुलं वाळत घातली होती. त्या गोडसर, जड वासाने माझं डोकं धरलं.

गावात पोचलो तर घरं रिकामी. सगळे तळ्यावर. वर्षातून एक दिवस ठरवून गाव तळ्यात उतरतं, त्याच दिवशी आम्ही कडमडलो. काठावरच्या आंब्याखाली पळसाची पानं मांडून त्यांवर मासळीचे ढीग लावायचं काम चाललं होतं. लावणारे कोलूभाऊ, पन्नाशीचे, कमरेपर्यंत चिखलात बुडून आलेले. आमच्या पाच रुग्णांपैकी एक, रैनी, ही त्यांचीच मुलगी. मला बघून त्यांनी "जोहार बाई" केलं आणि पुन्हा कामाला लागले. एक मासा या ढिगातून उचलून त्या ढिगात, मग डोकं कलतं करून बघायचं, पुन्हा एक इकडून तिकडे. तासभर हे. मी घड्याळ बघत चुळबुळ करत होते. आमच्याकडे असे वाटे केले असते तर पंधरा मिनिटांत दोन भांडणं झाली असती आणि काम उरकलं असतं.

"ते घर तर बंद आहे ना?" मी एका ढिगाकडे बोट दाखवून विचारलं. त्या घरचे लोक तालुक्याला गेल्याचं मघाशीच ऐकलं होतं.

"हाव. पण चूल हाय ना त्यायची," कोलूभाऊ म्हणाले. मग त्यांनी आणखी एक पान टाकलं, त्यावर मासे ठेवले आणि ते माझ्यापुढे सरकवलं.

"अहो, मी कुठे जाळं टाकलं?"

"तुम्ही आज गावात हाये. मग हिस्सा हाय."

मी ते गंमत म्हणून घेतलं. घरी जाऊन सांगायला छान, असं मनात म्हटलं. माझ्या डोळ्यांवर किती जाड झापडं होती बघा.

रैनी एकोणीस वर्षांची आहे. बारावी झाली, पुढे नर्सिंगला जायचं म्हणते. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर, बांधा लहान, बोलणं मात्र खणखणीत. पाचांपैकी तिच्या नळ्यांनी आम्हाला सगळ्यात जास्त छळलं होतं. सुनंदाने तिचं रक्त घेतलं, घड्याळ लावलं, दोन मिनिटांनी गजर झाला आणि द्रव नळीत गेला. माझ्याकडे न बघता तिने नळी बर्फात ठेवली. हात स्वच्छ, लेबल स्वच्छ, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. मला आरडाओरडा करायला काही म्हणजे काही सापडलं नाही.

रैनीनेच विचारलं, "बाई, तीन साल झाले रक्त नेऊन राह्यले. त्यात पाह्यता काय तुम्ही? कोणी सांगत नाई."

आता हे सांगायला हवंच होतं. पण आमच्या भाषेत सांगितलं असतं तर तिथल्या कोंबड्यासुद्धा उठून गेल्या असत्या. मी म्हटलं, "हे बघ, आपण आईच्या पोटात असतो तेव्हा आपलं रक्त वेगळं असतं. ते रक्त असं विळ्यासारखं वाकत नाही. जन्मल्यावर ते बनवणारं जनुक शरीर बंद करून टाकतं. तुझी गोळी ते पुन्हा थोडं उघडायला मदत करते."

"कशी उघडते?"

"एसटीत बसतेस ना? ड्रायव्हर सीटवर असतो, इंजिन घुरघुरत असतं, पण बस हलते का?"

"कंडक्टरनं डबल मारल्याबिगर नाई हलत."

"तसंच. जनुक सुरू करणारी प्रथिनं पेशीत आधीपासून असतात. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात त्यांना. ती म्हणजे ड्रायव्हर. पण नुसती बसून राहतात. मग दुसरं एक प्रथिन येतं आणि त्यांच्या अंगावर फॉस्फेट नावाचा एक बारीकसा कण चिकटवतं. ती झाली डबल बेल. मग ड्रायव्हर कामाला लागतो, जनुक वाचलं जायला लागतं. तिसरं एक प्रथिन असतं, ते तो कण काढून टाकतं. ती सिंगल बेल, बस थांबली. गोळी घेतली की तुझ्या पेशीत डबल बेल वाजायला हवी. आम्ही तुझ्या रक्तात तो कण शोधतो, बेल वाजली की नाही ते बघतो."

गोळीचा हा एकच रस्ता नाही, आणखीही असावेत, पण आमचा अभ्यास या एका रस्त्याचा आहे. तेही तिला सांगितलं. ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती. मग शेजारच्या अंगणाकडे बघून हसली.

"म्हणजे माही बस एक दिवसाआड चालते, बाई. काल माही होती. आज मंगलीची."

"मंगली कोण?"

तिने हाक मारली. शेजारच्या अंगणातून, मोहाची फुलं पसरणारी एक मुलगी हात पुसत आली. सतराएक वर्षांची. डोळे तसेच पिवळसर, बोटांची पेरं सुजलेली. तिचं नाव आमच्या यादीत नव्हतं. माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

रैनीने सगळं अगदी साधेपणाने सांगितलं. गावात नोंदणीचं शिबिर झालं त्या दिवशी मंगली आश्रमशाळेत होती. सुट्टीत घरी आली तेव्हा कळलं, नोंदणी बंद. जवळच्या दवाखान्यात औषध कधी असतं, कधी नसतं. पहिल्या पावसाळ्यात एकदा मंगलीच्या हाडांत कळा सुरू झाल्या, तीन दिवस ती किंचाळत होती. चौथ्या दिवशी रैनीने आपल्या बाटलीतली गोळी तिला दिली. तेव्हापासून एक दिवस ही, एक दिवस ती.

"काऊन दिली?" हे मी विचारलं नाही, सुनंदानेच माझ्यासाठी विचारलं. मला वाटतं मुद्दाम.

उत्तर कोलूभाऊंनी दिलं. ते आता आंघोळ करून आले होते. "एका चुलीवरची पोरगी झोपते अन् बाजूच्या चुलीवरची रडते, असं कसं चालन जी? मासोळीचा हिस्सा होते, मोहाचा होते, मंग दवाईचाई हिस्साच."

बाकी चार बाटल्याही अशाच उरलेल्या सातजणांत वाटल्या जात. गावात आजारी नऊजण होते. बाटल्या पाच.

माझी सटकली. एक तर भीतीने, कारण या गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तातल्या पेशी वरचेवर मोजाव्या लागतात आणि मंगलीच्या कुणीच मोजल्या नव्हत्या. आणि दुसरं म्हणजे तीन वर्षं आम्ही जे कोडं सोडवत होतो, त्याचं उत्तर इथे अंगणात मोह वाळत घालत होतं. समोर सुनंदा होती, म्हणून तिच्यावर तुटून पडले. "तुम्ही दर महिन्याला येता इथे! हे तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"मग सांगितलं का नाही?"

सुनंदाचा चेहरा काळवंडला नाही, उलट एकदम शांत झाला. तिने पिशवीतून एक फाटकं रजिस्टर काढलं. आमच्या फॉर्मची ती दर महिन्याची नक्कल ठेवते, हे मला ठाऊक नव्हतं. वर छापील प्रश्न: बाटली रिकामी परत आली का? त्याला 'हो'वर खूण. मीच बनवला होता तो प्रश्न. रिकामी बाटली म्हणजे औषध पोटात गेलं, असं गृहीत धरून. कुणाच्या पोटात, हे विचारायचं सुचलं नव्हतं, कारण आमच्या घरात ज्याची गोळी त्याच्या नावाच्या डबीत असते आणि वडिलांची गोळी आईलासुद्धा कुणी देत नाही.

फॉर्मच्या तळाशी 'शेरा' असा एक रकाना होता. त्यात सुनंदाच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'दोघी एक दिवसाआड घेतात. दुसरीची नोंद करावी, ही विनंती.' मी पान उलटलं. पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. एका पानावर 'विनंती'च्या खाली रेघ मारली होती. एका पानावर नऊच्या नऊ नावं.

"सांगतलं मॅडम," ती म्हणाली. "तीन साल लिहून राह्यली. मले वाटलं, तुम्ही वाचून चूप बसता."

मी ते रजिस्टर हातात धरून बसले. तिथल्या तिथे जमीन दुभंगती तर बरं, असं वाटलं. आमच्याकडे हे फॉर्म संगणकात भरणारी यंत्रणा आहे, तिच्यात खुणांसाठी जागा आहे, शेऱ्यासाठी नाही. यंत्रणेचं जाऊ द्या. मी तरी कधी कपाट उघडून एक मूळ फॉर्म वाचला का? नाही. आणि मी ही बाई उन्हात चहा पीत बसते म्हणून तिला फाडून खायला आठनऊशे किलोमीटरवरून आले होते.

दुसरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी. प्रयोगशाळेत आम्ही याच गावच्या पेशींवर थाळीत थेट औषध घालून पाहिलं होतं. थाळीत फॉस्फेट चिकटत होतं, व्यवस्थित. माणसात चिकटत नव्हतं. यावर आमच्या बैठकांत काय काय तर्क झाले! यांचा आहार वेगळा. यांचं रक्तच वेगळं. मोहाची दारू पीत असतील. एकाने तर रंगीत चित्रांसह सादरीकरण केलं. एकोणीस वर्षांची मुलगी आपल्या वाटणीच्या अर्ध्या गोळ्या शेजारणीला देत असेल, हा तर्क एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

दुसरी सकाळ

त्या दिवशी आम्ही तिथेच राहिलो. मासळीचं कालवण अंबाडी घालून आंबट केलेलं होतं. त्याची चव आठवते, पण जेवण गेलं नाही.

सकाळी सुनंदाने पुन्हा रक्त घेतलं. रैनीचं, आदल्या संध्याकाळी तिने गोळी घेतलेली नसताना. आणि मंगलीच्या आईवडिलांना सगळं सांगून, त्यांची परवानगी लिहून घेऊन, आदल्या दिवशीच तिचंही घेतलं होतं, ते आज पुन्हा. मंगलीच्या पेशी मोजण्यासाठी एक नळी वेगळी भरली. दोन दिवसांत मिळून चारही वेळा घड्याळ लावलं, चारही वेळा गजर झाला.

निघताना मी रैनीला बजावलं. औषध असं एक दिवसाआड घेतल्याने तुझाही फायदा होत नाही, तिचाही होत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं रोज घ्यायला हवं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. नर्स होणार आहे ती, तिला ते पटलंही असणार. मग म्हणाली, "ठीक हाय बाई. मंग तुम्हीच सांगून जा. आजपासून कोणाची बंद करू?"

मंगली दारात उभी होती. तिने नजर खाली वळवली नाही, सरळ माझ्याकडे बघत राहिली.

बावीस वर्षांत मला परिषदांमध्ये पुष्कळ अवघड प्रश्न विचारले गेले. प्रत्येकाला मी काहीतरी उत्तर ठोकून दिलं. इथे मी डब्याचं झाकण उगाच एकदा उघडून लावलं. शेवटी म्हटलं, "बंद नको करू. मी बघते." आणि 'मी बघते' हे आमच्याकडे काम न करण्यासाठी वापरायचं वाक्य आहे, हे लक्षात येऊन आणखीच चडफडले.

परतीच्या एसटीत कंडक्टर दुसरे होते. त्यांनी डबा बघितला, काही विचारलं नाही आणि स्वतःच्या सीटखाली सावलीत ठेवून घेतला. मग दोरी ओढली. टिंग टिंग. मी खिडकीकडे तोंड फिरवून घेतलं.

पुणे

निकाल दोन दिवसांत आला. रैनीच्या पहिल्या नळीत फॉस्फेटची खूण ठसठशीत होती, दुसऱ्या नळीत जवळजवळ नाहीशी. मंगलीचं बरोबर उलटं: पहिल्यात नाही, दुसऱ्यात आहे. ज्या पेशींना आम्ही औषधाला दाद न देणाऱ्या म्हणत होतो, त्या ज्याच्या पाळीला त्याच्या घरात इमानेइतबारे बेल वाजवत होत्या. कपाट उघडून मूळ फॉर्म काढले. शेरे होते, सगळेच्या सगळे. आणखी एक कागदही निघाला: 'या गावातून पाच नमुने पुरेसे आहेत, पुढील नोंदणी थांबवावी.' खाली सही माझी. तो कागद मी विसरले होते. त्या दिवशी बहुधा मला जेवायला उशीर होत होता.

हे सगळं घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "शेरा हा रकाना ऐच्छिक होता." मग म्हणाले, "शिवाय हा सरळ नियमभंग आहे. औषध दुसऱ्याला दिलं. या पाचजणांना वगळावंच लागेल, फक्त कारण बदला."

मी आवाज चढवला. व्हरांड्यातली मुलं थबकली असतील एवढा. म्हटलं, नियम आपण मोडलाय. नऊ आजारी माणसांच्या गावात पाच बाटल्या पाठवून वर विचारतोय, तुमच्या पेशी अशा का वागतात? त्यांनी मसुदा पुढे सरकवला. मी सही केली नाही. शेऱ्यांच्या सगळ्या पानांच्या प्रती, माझ्या सहीच्या त्या कागदासकट, आमच्यावर देखरेख करणाऱ्या समितीला पाठवून दिल्या. त्यानंतर सर माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत. नाही तर नाही.

चार नावं यादीत यायला पावसाळा संपला. तोवर मंगलीच्या पेशींचे आकडे आले होते, ठीक होते, नशीब आमचं. नऊ बाटल्या चामोर्शीला पोचल्या त्या आठवड्यात मी दिवाळी असल्यासारखी खूश होते. नव्या फॉर्मवर मी शेरा सगळ्यात वर घेतला आहे आणि तो वाचल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

मग परवा सुनंदाचा फोन आला. सगळं बरं आहे म्हणाली, रैनीला नर्सिंगला प्रवेश मिळाला म्हणाली.

"मॅडम, एक शेरा हाय. लिहू का तोंडानं सांगू?"

"सांगा."

"पलीकडच्या टोल्यात, त्या लहान वस्तीत, एक लच्छूभाऊ हाय. चाळिशीचा. त्यालेबी सिकल. कार्ड नाई, काई नाई. मंगली आपल्या बाटलीतला हिस्सा त्याले देऊन राह्यली. एक दिवसाआड."

माझा पारा चढला. इतकी भांडणं करून, इतकं समजावून, पुन्हा तेच! मंगलीला बोलवा, म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला तो एसटीतल्या आजीबाईंचा टॉवेल दिसला.

मी कोरा फॉर्म पुढे ओढला.

"त्यांचं पूर्ण नाव सांगा," म्हटलं. "सावकाश. मी लिहून घेते आहे."